नोकरीचा पहिला दिवस आणि आय-९

अमेरिकेत नवी नोकरी लागली की पगारासाठी बँक खात्याचा नंबर देण्याआधीच कामाची परवानगी तपासणारा एक फॉर्म समोर येतो, आय-९. त्याला फी नाही, तो कुठल्या सरकारी कार्यालयात पाठवायचा नाही आणि त्याचे दोन्ही सेक्शन एका पानात मावतात. म्हणूनच तो घाईत उरकला जातो. त्यातल्या चुका फाइलमध्ये वर्षानुवर्षं निवांत पडून राहतात आणि सरकारी तपासणीची नोटीस आली की एकदम वर येतात.

या चुका दोन तऱ्हेच्या असतात. मालकाने कमी तपासलं ही एक आणि जास्त तपासलं ही दुसरी. पहिली सगळ्यांना कळते. ‘ग्रीन कार्ड दाखव, त्याशिवाय जॉइन होता येणार नाही’ असं म्हणणारा मालकही कायदा मोडत असतो, हे मात्र बऱ्याच मालकांना माहीत नसतं आणि नोकरी करणाऱ्यांना तर त्याहून नसतं.

फॉर्मच्या मुळाशी १९८६ चा कायदा आहे. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी इमिग्रेशन रिफॉर्म अँड कंट्रोल अ‍ॅक्टवर सही केली. त्याआधी कामाची परवानगी नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तरी फेडरल कायद्यात मालकाला सहसा काही होत नसे. या कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली. त्या तारखेनंतर कामावर घेतलेल्या प्रत्येकाचा आय-९ हवा. प्रत्येकाचा म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या नागरिकाचाही आणि मालकाच्या सख्ख्या भाच्याचाही. रोख पगार दिला नाही, कामाच्या बदल्यात नुसतं जेवण आणि राहण्याची सोय दिली, तरी कायद्याच्या लेखी तो मोबदलाच असतो. घरच्या माणसांवर चालणाऱ्या छोट्या धंद्यांत नेमकं हेच निसटतं. खऱ्या अर्थाने स्वतंत्र असलेला कॉन्ट्रॅक्टर आणि काहीही मोबदला न घेणारा स्वयंसेवक, यांना आय-९ लागत नाही. पण कामाची परवानगी नाही हे ठाऊक असताना कॉन्ट्रॅक्टर म्हणून काम करून घेणं हाही गुन्हाच आहे, त्यामुळे ती पळवाट नव्हे.

फॉर्मला दोनच गोष्टींची उत्तरं हवी असतात. हा माणूस कोण आहे, आणि याला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का.

दोन सेक्शन, दोन मुदती

सेक्शन १ कर्मचाऱ्याने भरायचा. ऑफर स्वीकारल्यानंतर तो कधीही भरता येतो, पण कामाच्या पहिल्या दिवसापलीकडे लांबवता येत नाही. ऑफर देण्याआधी, मुलाखतीच्या वेळी तो भरून घेणं चूक आहे. सेक्शन २ मालकाचा. मूळ कागदपत्रं पाहून तो पहिल्या दिवसानंतर कामकाजाच्या तीन दिवसांत पुरा करायचा. मोजताना पहिला दिवस धरायचा नाही. सोमवारी रुजू झालेल्याचा सेक्शन २ गुरुवारपर्यंत. शुक्रवारी रुजू झाला आणि ऑफिस शनिवार-रविवार बंद असेल, तर बुधवारपर्यंत. तेच दुकान आठवडाभर उघडं असेल तर मात्र सोमवारपर्यंतच, कारण कामकाजाचा दिवस म्हणजे तो धंदा चालू असलेला दिवस. नोकरीच मुळात तीन दिवसांपेक्षा कमी असेल, तर दोन्ही सेक्शन पहिल्याच दिवशी.

सेक्शन १ मध्ये चारपैकी एका चौकटीत खूण करायची असते: नागरिक, नागरिक नसलेला नॅशनल, कायम रहिवासी, किंवा कामाची परवानगी असलेला परदेशी. ग्रीन कार्ड असेल तर तिसरी चौकट. एच-१बी (कुशल कामाचा व्हिसा), ओपीटी आणि सीपीटी (विद्यार्थ्यांना शिक्षणाशी जोडून मिळणारी कामाची परवानगी), एच-४ ईएडी (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचं कामाच्या परवानगीचं कार्ड), एल-१ (कंपनीने अमेरिकेत बदली केलेले), एल-२ (त्यांचे जोडीदार) हे सगळे चौथीत. दुसऱ्या चौकटीतला ‘नॅशनल’ म्हणजे मुख्यतः अमेरिकन सामोआत जन्मलेली माणसं. भारतीय पासपोर्ट असलेल्या कुणाचाही तिच्याशी संबंध नाही, तरी शब्द वाचून गोंधळ होतो. ही खूण निव्वळ माहिती नसते, खाली सही करताना तुम्ही ती खरी असल्याची शपथ घेत असता. नागरिक नसताना पहिल्या चौकटीत खूण केली तर पुढे ग्रीन कार्डच्या अर्जात ती कायमची आडवी येऊ शकते. ‘चुकून झालं’ हे तिथे पटवून देणं फार अवघड जातं.

चौथी चौकट निवडली की परवानगी कधीपर्यंत आहे ती तारीख आणि तीनपैकी एक क्रमांक लागतो: यूएससीआयएसचा (इमिग्रेशन खात्याचा) क्रमांक, किंवा आय-९४ चा (देशात प्रवेश केल्याच्या नोंदीचा) क्रमांक, किंवा परदेशी पासपोर्टचा क्रमांक आणि देश. तिन्ही भरायचे नाहीत.

सोशल सिक्युरिटी क्रमांक मात्र बहुतेकांना वाटतो तितका सक्तीचा नाही. मालक ई-व्हेरिफाय (आय-९ वरची माहिती सरकारी नोंदींशी ऑनलाइन ताडून पाहण्याची सोय) वापरत नसेल तर ती चौकट ऐच्छिक आहे. नुकत्याच आलेल्या आणि क्रमांकासाठी अर्ज केलेल्या माणसालाही काम सुरू करता येतं. ई-व्हेरिफाय असेल तर मालक क्रमांक हाती येईपर्यंत ती केस थांबवतो, माणसाला थांबवत नाही.

नावं आणि तारखा

मराठी माणसाचा फॉर्म दोन जागी हमखास घसरतो.

पहिली जागा तारखेची. आपल्या पासपोर्टवर आधी दिवस, मग महिना असतो. आय-९ वर आधी महिना, मग दिवस. पासपोर्टवरची ०४/०७ ही ४ जुलै तशीच उतरवली तर फॉर्मवर ती ७ एप्रिल होते. २५ तारीख असेल तर चूक लगेच लक्षात येते, १२ च्या आतली असेल तर कुणालाच कळत नाही.

दुसरी जागा नावाची. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या ओळीत स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. सोशल सिक्युरिटी कार्डावर तेच दोन तुकड्यांत येतं, आणि ऑफर लेटरवर तिसऱ्याच पद्धतीने. फॉर्मवर कायदेशीर नाव लिहायचं, हाक मारायचं नाही. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आधीचं आडनाव ‘इतर आडनावं’ या चौकटीत जातं. पासपोर्टवर आडनावाची ओळच रिकामी असेल, म्हणजे एकच नाव असेल, तर ते आडनावाच्या चौकटीत लिहून पहिल्या नावाच्या जागी ‘अननोन’ लिहावं अशी सूचना आहे.

फॉर्म नवऱ्याने किंवा मैत्रिणीने भरून दिला, वाचून दाखवला किंवा भाषांतर केलं, तर त्या व्यक्तीने फॉर्मच्या सप्लिमेंट ए या पुरवणीवर स्वतःची सही करायची असते. घरी बसून ‘दे, मी भरतो’ असं करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कागद कोणते, आणि निवडायचे कोणी

फॉर्मसोबत तीन याद्या येतात. लिस्ट ए मधला एकच कागद ओळख आणि परवानगी दोन्ही सिद्ध करतो: अमेरिकन पासपोर्ट, ग्रीन कार्ड, फोटो असलेलं ईएडी, किंवा विशिष्ट मालकाकडेच काम करू शकणाऱ्यांसाठी परदेशी पासपोर्ट आणि आय-९४ यांची जोडी. लिस्ट बी फक्त ओळखीची: ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचं ओळखपत्र, फोटो असलेलं शाळा-कॉलेजचं कार्ड वगैरे. लिस्ट सी फक्त परवानगीची: निर्बंध नसलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड, अधिकृत शिक्का असलेला अमेरिकेतला जन्मदाखला इत्यादी. एक तर ए मधला एक, नाहीतर बी आणि सी मधला एकेक.

निवड कर्मचाऱ्याची. मालकाने पूर्ण यादी पुढे ठेवायची आणि गप्प बसायचं. ‘पासपोर्टच आण’, ‘लायसन्स नको, ग्रीन कार्ड बरं’, ‘असू दे, ईएडीसुद्धा दे’ हे तिन्ही चूक. ग्रीन कार्ड असलेल्याने लायसन्स आणि निर्बंध नसलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड दाखवलं की काम झालं, ग्रीन कार्ड पाहायला मागता येत नाही. उच्चार किंवा आडनाव ऐकून जास्त कागद मागितले तर न्याय खात्याचा इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शन त्याची दखल घेतो आणि दंडही होतो. कर्मचाऱ्यांनीही आपणहून सगळी फाइल टेबलावर ओतू नये. मालकाने चार कागदांच्या नोंदी केल्या तर तो नकळत अडचणीत येतो.

सोशल सिक्युरिटी कार्डावरची छापील ओळ जरूर वाचावी. एच-१बी आणि ओपीटीवाल्यांच्या कार्डावर ‘फक्त डीएचएसच्या (गृहसुरक्षा खात्याच्या) परवानगीसह कामासाठी वैध’ अशा अर्थाची ओळ असते. ते कार्ड खरंच आहे, पण लिस्ट सी साठी चालत नाही. त्यांना लिस्ट ए चा रस्ता धरावा लागतो.

कागद मूळ हवेत, झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो नाही. जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत हा एक अपवाद. मुदत संपलेली नको. कागद हरवला, चोरीला गेला किंवा खराब झाला आणि नव्यासाठी अर्ज केला असेल, तर त्याची पावती ९० दिवस चालते. त्या ९० दिवसांत खरा कागद दाखवायचा. ही सवलत हरवलेल्या कागदासाठी आहे. मुदत संपली म्हणून नूतनीकरणाला टाकलेल्याची पावती सहसा चालत नाही.

मालकाकडून फॉरेन्सिक तपासणीची अपेक्षा नाही. कागद वरवर पाहता खरा आणि समोरच्या माणसाचाच वाटतो का, एवढंच पाहायचं. नोंद करताना मात्र डोळे उघडे हवेत. ईएडीवर यूएससीआयएस क्रमांक आणि कार्ड क्रमांक असे दोन वेगळे आकडे असतात. सेक्शन २ मध्ये कागदाचा क्रमांक म्हणून कार्ड क्रमांक लिहायचा, तो तीन अक्षरं आणि दहा अंक असा असतो. हे दोन अदलाबदल होणं ही नेहमीची चूक.

व्हिसाची तारीख विसरा, आय-९४ पाहा

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा देशाच्या दारात येण्यासाठी असतो. आत आल्यावर किती दिवस राहता आणि काम करता येईल, हे आय-९४ ठरवतं. म्हणून एच-१बी वाल्यांच्या आय-९ वर व्हिसाची नव्हे, आय-९४ ची तारीख जाते. व्हिसा संपला पण आय-९४ चालू आहे, तर कामाला हरकत नाही. उलट असेल तर आहे.

इथे एक छुपा खड्डा आहे. भारतात जाऊन परतताना पासपोर्टची मुदत थोडीच उरली असेल, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ त्या पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच देऊ शकतो. हातातल्या आय-७९७ वर (मंजुरीच्या पत्रावर) त्यापुढची दोन वर्षं छापलेली असतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. आय-९४ आता ऑनलाइन असतं, विमानतळावर कागद हातात पडत नाही. प्रत्येक प्रवासानंतर सीबीपीच्या (सीमा आणि कस्टम्स खात्याच्या) संकेतस्थळावरून ते उतरवून घ्यावं आणि तारीख वाचावी. नंतर लक्षात येण्यापेक्षा तेव्हाची पाच मिनिटं परवडतात.

एच-१बी वर नोकरी बदलताना नव्या मालकाची आय-१२९ ही कर्मचाऱ्यासाठीची याचिका दाखल झाली की मंजुरीची वाट न पाहता काम सुरू करता येतं. आय-९ वर पासपोर्ट आणि आय-९४ ची नोंद लिस्ट ए खाली होते आणि ‘अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन’ चौकटीत ‘एसी-२१’ (ही सवलत देणाऱ्या कायद्याचं छोटं नाव) आणि याचिका पाठवल्याची तारीख लिहितात. याचिका दाखल केल्याचा पुरावा फाइलमध्ये जोडायचा. त्याच मालकाकडे मुदतवाढ वेळेत मागितली असेल, तर जुनी मुदत संपल्यापासून २४० दिवसांपर्यंत काम चालू राहू शकतं. त्याचीही नोंद त्याच चौकटीत.

विद्यार्थ्यांचं गणित वेगळं. सीपीटीसाठी पासपोर्ट, आय-९४ आणि सीपीटीची नोंद असलेला आय-२० (कॉलेजने दिलेला विद्यार्थी असल्याचा फॉर्म) असे तीन कागद लागतात. ओपीटीसाठी ईएडी हातात हवं, आणि त्यावरच्या सुरुवातीच्या तारखेच्या एक दिवसही आधी काम नाही. स्टेम ओपीटी (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी वाढीव ओपीटी) फक्त ई-व्हेरिफाय वापरणाऱ्या मालकाकडेच चालतं, शिवाय आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा वेगळा भरावा लागतो.

जोडीदारांपैकी एच-४ वर असलेल्याला ईएडीशिवाय काम करता येत नाही, आणि ते प्रत्येक एच-४ धारकाला मिळतही नाही. एल-२ जोडीदाराच्या आय-९४ वर ‘एल-२एस’ असं असेल, तर ते आय-९४ लिस्ट सी मध्ये धरलं जातं, ईएडी सक्तीचं नाही. सोबत लिस्ट बी चा ओळखीचा एक कागद द्यायचा.

ईएडीच्या नूतनीकरणाबाबत जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका. आधी वेळेत अर्ज केला की अनेक वर्गांना आपोआप ५४० दिवसांपर्यंत मुदतवाढ मिळत असे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या बहुतेक नूतनीकरण अर्जांना ती मिळत नाही. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर काम थांबवावं लागतं. अर्ज मुदतीच्या १८० दिवस आधीपासून करता येतो. तो त्या पहिल्या आठवड्यातच करावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

ज्यांची परवानगी मुदतीची आहे त्यांची फेरतपासणी मालकाने ती मुदत संपण्याआधी सप्लिमेंट बी या पुरवणीवर करायची. नागरिकांची फेरतपासणी कधीच नाही. ग्रीन कार्ड दाखवलेल्यांचीही नाही, कार्डाची मुदत उलटली तरी. लिस्ट बी मधलं लायसन्स नंतर संपलं, तरी ते पुन्हा मागायचं नाही. एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये सरसकट सगळ्यांना आठवणीचे ईमेल जातात तेव्हा ‘जास्त तपासणं’ इथेच घडतं.

दूरच्या कर्मचाऱ्याचे कागद पाहायचे कसे

घरून काम करणाऱ्याचे मूळ कागद पाहण्यासाठी मालक कुणालाही आपला प्रतिनिधी नेमू शकतो, अगदी कर्मचाऱ्याच्या शेजाऱ्यालाही. त्याने केलेली चूक मात्र मालकाच्याच खात्यात जाते. १ ऑगस्ट २०२३ पासून व्हिडिओ कॉलचा पर्याय आला, पण तो फक्त ई-व्हेरिफायमध्ये नाव नोंदवून त्याचे नियम पाळणाऱ्या मालकांनाच. आधी कागदांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती मागवायच्या, त्या तपासायच्या, मग थेट कॉलवर तेच कागद पाहायचे, प्रती जपून ठेवायच्या आणि सेक्शन २ मधल्या पर्यायी पद्धतीच्या चौकटीत खूण करायची. ही खूण राहून जाते. मग कागदोपत्री तपासणी झालीच नाही असा अर्थ निघतो.

ई-व्हेरिफाय हे आय-९ नंतरचं पाऊल आहे, त्याऐवजीचं नाही. काही राज्यांत ते सक्तीचं आहे. फ्लोरिडात १ जुलै २०२३ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी मालकांना ते लागू झालं. माहिती जुळली नाही तर ‘टेंटेटिव्ह नॉनकन्फर्मेशन’ येतं. कारण अनेकदा साधंच असतं: लग्नानंतरचं नाव सोशल सिक्युरिटी कार्यालयात बदललेलं नाही, किंवा नागरिकत्व मिळाल्याची नोंद तिथे पोचलेली नाही. कर्मचाऱ्याने दाद मागायचं ठरवलं तर संबंधित कार्यालयाशी संपर्क साधायला फेडरल कामकाजाचे आठ दिवस मिळतात. तोवर त्याला कामावरून काढणं, पगार कापणं, शिफ्ट कमी करणं यातलं काहीही करता येत नाही.

बाकीचे कागद

त्याच दिवशी डब्ल्यू-४ भरायचा असतो, त्यावरून पगारातून किती आयकर कापायचा ते ठरतं. तो दिलाच नाही तर मालक अविवाहित धरून, कुठलीही सूट न देता कर कापतो. करासाठी अनिवासी असलेल्यांनी, म्हणजे बहुतेक नव्या एफ-१ विद्यार्थ्यांनी, स्टेप ४ सी च्या खाली ‘एनआरए’ लिहायचं. त्यांच्या पगारातून पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के कापायचे नसतात. पेरोलवाले विसरून कापतात, म्हणून पहिली पगाराची स्लिप वाचावी. मालकाने नव्या कर्मचाऱ्याची माहिती राज्याला २० दिवसांच्या आत कळवायची, काही राज्यांत मुदत याहून कमी आहे.

जपणूक, चुका, तपासणी

आय-९ किती दिवस ठेवायचा याचे दोन हिशेब करायचे आणि जी तारीख नंतरची ती धरायची: रुजू झाल्यापासून तीन वर्षं, किंवा नोकरी सुटल्यापासून एक वर्ष. १ जून २०२२ ला रुजू होऊन १५ मार्च २०२४ ला सोडून गेलेल्याचा फॉर्म १ जून २०२५ पर्यंत. २०१५ मध्ये रुजू होऊन १५ मार्च २०२४ लाच सोडून गेलेल्याचा १५ मार्च २०२५ पर्यंत. हे फॉर्म इतर वैयक्तिक फाइलपासून वेगळे ठेवावेत, म्हणजे तपासनीसाला पगारवाढीची आणि आजारपणाची पानं दाखवावी लागत नाहीत. कागदांच्या प्रती काढणं ई-व्हेरिफाय नसेल तर ऐच्छिक आहे. काढायच्या तर सगळ्यांच्या, फक्त परदेशी दिसणाऱ्यांच्या नाही.

तपासणीची नोटीस आल्यावर फॉर्म सादर करायला कामकाजाचे किमान तीन दिवस मिळतात. तांत्रिक चुका दाखवून दिल्या गेल्या तर दुरुस्तीला कामकाजाचे किमान दहा दिवस. जानेवारी २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार नुसत्या कागदी चुकांचा दंड प्रत्येक फॉर्ममागे २८८ ते २,८६१ डॉलर आहे. चाळीस जणांच्या ऑफिसात हा आकडा कुठे जातो ते वेगळं सांगायला नको.

चूक सापडली तर खाडाखोड किंवा व्हाइटनर नाही. चुकीच्या मजकुरावर एक रेघ मारायची, बरोबर माहिती शेजारी लिहायची, आद्याक्षरं आणि आजची तारीख टाकायची. सेक्शन १ मधली दुरुस्ती कर्मचाऱ्यानेच करायची, मालकाने नाही. फॉर्मच भरलेला नाही असं आढळलं, तर तो आजच भरायचा आणि सहीखाली आजचीच तारीख टाकायची. उशीर का झाला याची सही केलेली छोटी चिठ्ठी सोबत जोडायची. जुनी तारीख घालून पान सारखं केलं, तर साध्या उशिराचं प्रकरण खोट्या दस्तऐवजाचं होतं.